औषध, बुरशी आणि वसमतची हळद

आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या बोलण्यात दोन शब्द फार मजेशीर आहेत. पहिला 'औषध'. पिकावर मारायचं विष, पण त्याला कुणी विष म्हणत नाही. औषध आणलं, औषध मारलं, यंदा औषधाचा खर्च फार झाला. 'अमक्याने औषध घेतलं' अशी बातमी गावात आली की मात्र अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. दुसरा शब्द 'बुरशी'. भाकरीला बुरशी, लोणच्याला बुरशी, भिजलेल्या कडब्याला बुरशी. म्हणजे थोडक्यात नासकं काम.

आजचा लेख या दोन शब्दांच्या इतिहासाबद्दल आहे. ज्याला आपण औषध म्हणतो ते जमिनीत काय करून बसलंय, आणि जिला आपण नासकी म्हणतो ती ते निस्तरू शकते का?

सुरुवात वसमतपासून करू. वसमत, जिल्हा हिंगोली. (जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'जिल्हा परभणी' येतं, कारण हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला.) पूर्णा नदीवरच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचं पाणी कालव्याने इकडे आलं. पाण्यामागून ऊस, केळी आणि पूर्णा साखर कारखाना. आणि अलीकडच्या वर्षांत या सगळ्यांवर कडी केली ती हळदीने. वसमतच्या मोंढ्यात हळदीचा हंगाम असला की रस्त्यावरची धूळसुद्धा पिवळी दिसते. २०२२ मध्ये वसमतला हळद संशोधन केंद्र मंजूर झालं आणि २०२४ मध्ये 'वसमत हळदी'ला भौगोलिक मानांकनही मिळालं.

या हळदीचा मोठा शत्रू म्हणजे कंदकूज. पाऊस जास्त झाला, शेतात पाणी साचलं की जमिनीतल्या पिथियमसारख्या रोगजंतूंचं फावतं आणि गड्डे सडायला लागतात. त्यावरचा एक उपाय आता वसमत भागात घरोघरी माहीत आहे, तो म्हणजे ट्रायकोडर्मा. लावणीआधी बेण्याला चोळायचं, शेणखतात मिसळून टाकायचं किंवा आळवणी करायची. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं (स्थापना १९७२) 'बायोमिक्स' नावाचं मिश्रण घ्यायला हळद आणि अद्रकवाल्यांची गर्दी होते, त्यातही उपयुक्त बुरशी आणि जिवाणूच असतात. म्हणजे बुरशी घालून रोग घालवणं ही गोष्ट इकडे आता कुणाला नवीन नाही.

पण याच ट्रायकोडर्माचं दुसरं एक चरित्र आहे. ते ऐकायचं तर आधी 'औषधा'चं चरित्र ऐकावं लागेल.

डीडीटी प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झालं १८७४ मध्ये. करणारा ऑथमार झाइडलर नावाचा विद्यार्थी. त्याने पदार्थ बनवला, नोंद केली आणि विषय संपला. पुढची पासष्ट वर्षं त्याचं काय करायचं हे कुणाला माहीत नव्हतं. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथल्या गायगी कंपनीत पॉल म्युलर कीटकांवर एकेक रसायन तपासत बसला होता, त्याला दिसलं की हे पांढरं चूर्ण माशीच्या नुसत्या पायाला लागलं तरी माशी मरते. १९४८ मध्ये त्याला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. वैद्यकशास्त्राचं! कारण सरळ होतं, महायुद्धात टायफस पसरवणाऱ्या उवा आणि मलेरिया पसरवणारे डास या चूर्णाने मारले होते.

डीडीटीला नुसतं खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९४६ च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कारवार आणि धारवाडकडच्या गावांत घरोघरी भिंतींवर डीडीटी फवारून बघितलं. तो अनुभव पुढे १९५३ च्या राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रमाला उपयोगी पडला. १९६५ पर्यंत देशातले रुग्ण साधारण एक लाखावर आले होते. साडेसात कोटींवरून एक लाख! ज्या पिढीने हे पाहिलं तिने या चूर्णाला 'औषध' म्हटलं तर तिचं काय चुकलं?

१९५४ मध्ये सरकारने हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनी काढली. पहिला कारखाना दिल्लीत, पुढे केरळात, नंतर आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीलाही. डास मारणारं रसायन अळी मारणारच, त्यामुळे ते भिंतीवरून शेतात यायला वेळ लागला नाही. त्याच्या जोडीला आली बीएचसी, म्हणजे जुन्या लोकांची गॅमेक्झिन पावडर. हा पदार्थ मायकेल फॅरेडेने १८२५ मध्येच बनवला होता (हो, तोच विजेवाला फॅरेडे). कीटक मारायचा त्याचा गुण १९४० नंतर लक्षात आला. त्यातली गंमत अशी की कारखान्यात जी बीएचसी तयार होते तिच्यात कीटक मारणारा गॅमा प्रकार जेमतेम दहा-पंधरा टक्के. बाकीचं सगळं ओझं, पण शेतात तेही पडायचं. मुगातल्या खड्यांसकट पोतं रिकामं करण्यासारखं.

तिसरी पिढी पॅराथिऑनची. जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशकं शोधता शोधता १९३६ मध्ये टाबून नावाच्या युद्धातल्या विषारी वायूपर्यंत पोचला, आणि त्याच कुळातलं पॅराथिऑन महायुद्ध संपता संपता शेतीकडे आलं. ही मंडळी डीडीटीसारखी वर्षानुवर्षं टिकत नाहीत, पण माणसाला लगेच मारू शकतात. १९५८ मध्ये केरळमध्ये गव्हाच्या पिठाची पोती आणि पॅराथिऑन एकाच जहाजातून आले, डबे गळले, आणि शंभराहून जास्त माणसं मेली. आपला कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे, त्याच्या मुळाशी ही घटना आहे. रेचल कार्सनचं 'सायलेंट स्प्रिंग' अमेरिकेत १९६२ ला आलं आणि सगळ्या जगाला जाग आली असं आपण वाचतो. आपल्याकडची घंटा चार वर्षं आधी वाजली होती.

मराठवाड्यात औषधाची खरी चलती झाली ती संकरित कापसाबरोबर. १९७० मध्ये सुरतला डॉ. सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. उत्पन्न वाढलं, तसे मावा, तुडतुडे आणि बोंडअळीही वाढले. १९९० च्या दशकात देशातल्या लागवडीखालच्या जमिनीपैकी पाच टक्के कापसाखाली होती आणि देशातल्या कीटकनाशकांपैकी निम्म्याच्या आसपास त्या पाच टक्क्यांवर पडत होती. काळ्या मातीच्या पट्ट्यात राहणाऱ्याने हा आकडा दोनदा वाचावा. आज ज्या रानात हळद उभी आहे त्यातल्या बऱ्याच रानांत तेव्हा कापूस होता.

मग एकेक करून बंदी येत गेली. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्ये बंद. बीएचसी १९९७ मध्ये बंद. एंडोसल्फान १३ मे २०११ ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद, कासरगोडच्या लोकांच्या लांबलचक लढ्यानंतर. पण कागदावर बंदी येते तेव्हा जमिनीला कुणी नोटीस पाठवत नाही. डीडीटी मातीत निम्मं व्हायला परिस्थितीप्रमाणे दोनपासून पंधरा वर्षं लागू शकतात. उरलेलं निम्मं परत तितकाच वेळ. हिशेब करा.

हे असं का? कारण या रसायनांत कार्बनला क्लोरीन चिकटवलेला आहे आणि ती गाठ सोडवायची सवय मातीतल्या जिवाणूंना फारशी नाही. त्यांनी लाखो वर्षं पाला, शेण, मेलेले जीव खाल्ले, हे कधी ताटात आलंच नव्हतं. तोपर्यंत सूक्ष्मजीवशास्त्रात एक लाडका समज होता, की निसर्गात असा पदार्थच नाही जो कुठला ना कुठला सूक्ष्मजीव खाऊ शकत नाही. १९६५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या मार्टिन अलेक्झांडरने या समजाला जाहीर धक्का दिला. त्याचं म्हणणं, सूक्ष्मजीव सर्वशक्तिमान नाहीत, काही रेणू त्यांना खरोखर जड जातात, आणि आपण नेमके तेच रेणू शेकडो टनांनी ओततोय.

आणि पुढच्याच वर्षी आपल्या ट्रायकोडर्माची एन्ट्री होते.

ट्रायकोडर्मा हे नाव १७९४ मध्ये पर्सून नावाच्या शास्त्रज्ञाने दिलं. जवळपास दीडशे वर्षं ती नुसती एक हिरवट बुरशी होती. १९३२ मध्ये रिचर्ड वाइंडलिंगने दाखवलं की ही बुरशी दुसऱ्या, रोग आणणाऱ्या बुरशीला विळखा घालून खाते. आज वसमतमध्ये बेण्याला जे चोळतात त्याची जन्मपत्रिका ही. आणि १९६६ मध्ये फुमिओ मात्सुमुरा आणि मॅलरी बाउश या जोडीने अमेरिकेत ओहायोच्या उत्तर भागातल्या मातीतून वेगळी केलेली ट्रायकोडर्मा विरिडी मॅलॅथिऑन फोडते असं 'सायन्स' या नियतकालिकात छापलं. दोनच वर्षांनी डिलड्रिनसारख्या चिवट विषावरही हीच बुरशी काम करते असं त्यांना दिसलं. १९९३ मध्ये मात्सुमुराने काटायामाबरोबर ट्रायकोडर्मा हार्झियानम एंडोसल्फान कशी मोडते तेही दाखवलं. म्हणजे कंदकुजीवर जी देतात, तिच्याच भाऊबंदांनी. गंमत आहे की नाही?

पण या गोष्टीतला खरा हिरो ट्रायकोडर्मा नाही. तो लाकडावर राहतो.

पावसाळ्यात आंब्याच्या किंवा बाभळीच्या जुन्या ओंडक्याला हात लावला की कधीकधी लाकूड पांढरं, मऊ, दोऱ्या-दोऱ्यांचं झालेलं असतं. ही 'पांढरी कूज'. लाकडात सेल्युलोज आणि लिग्निन असे दोन मुख्य पदार्थ असतात. लिग्निन म्हणजे लाकडातलं सिमेंट. त्याच्या रेणूला ठरावीक आकारच नसतो, कसाही वेडावाकडा जोडलेला. आता जिवाणूचं एन्झाइम म्हणजे एका कुलपाची एक किल्ली. आमच्या भाषेत सांगायचं तर नेमका ठरलेला इनपुट मिळाला तरच चालणारं फंक्शन. लिग्निनपुढे ही पद्धत चालत नाही, कारण दर दोन इंचांवर कुलूप वेगळं. पांढरी कूज आणणाऱ्या बुरशीने म्हणून किल्लीचा नाद सोडला आणि हातोडा घेतला. ती स्वतःच्या पेशीबाहेर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि काही एन्झाइमं सोडते, त्यातून इलेक्ट्रॉन हिसकावणारे अतिशय आक्रमक रेणू तयार होतात, आणि समोर जे येईल ते तोडत सुटतात.

फेनेरोकीट क्रायसोस्पोरियम हे या बुरशीचं जिभेला पीळ पाडणारं नाव. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी तिचं लिग्निन फोडणारं एन्झाइम शोधून काढलं. मग मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या बम्पस, टिएन, राइट आणि ऑस्ट या चौघांना प्रश्न पडला, की समोर येईल ते तोडणाऱ्या या बाईसमोर डीडीटी ठेवलं तर?

प्रयोगाची युक्ती मला फार आवडते. विष 'गायब' झालं म्हणजे संपलं असं धरता येत नाही. ते काचेला चिकटलं असेल, उडून गेलं असेल, रूप बदलून बसलं असेल. त्यांनी विषाच्या रेणूत किरणोत्सारी कार्बन-१४ घातला आणि बुरशीच्या बाटलीतून बाहेर येणारा वायू पकडला. त्या वायूतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन-१४ सापडला की समजायचं, रेणू शेवटपर्यंत जळाला. विषाचा उच्छ्वास झाला! डीडीटी, लिंडेन (म्हणजे आपल्या गॅमेक्झिनमधला गॅमा), पीसीबी, डायॉक्सिन... प्रत्येकातून खूण केलेला कार्बन बाहेर आला. जून १९८५ मध्ये 'सायन्स'मध्ये हा शोधनिबंध छापला गेला आणि मोठी खळबळ उडाली. एकच बुरशी, आणि इतकी वेगवेगळी विषं.

इथे लेख संपवला असता तर छान झालं असतं. पण इतिहास असा सरळ चालत नाही.

पहिला धक्का १९८८ चा. जर्मनीतल्या एका गटाने दाखवलं की डीडीटी फोडण्यात त्या गाजलेल्या लिग्निन-एन्झाइमचा काही हातच नाही, ते एन्झाइम तयार होत नसतानाही बुरशी डीडीटी मोडत होती. म्हणजे निकाल बरोबर, कारण चूक. नंतर लक्ष गेलं ते पेशीच्या आतल्या 'सायटोक्रोम पी-४५०' या एन्झाइमांकडे. माणसाचं यकृत गोळ्या-औषधं पचवतं तेही याच कुळातल्या एन्झाइमांनी. २००४ मध्ये या बुरशीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. सोर्स कोड उघडून बघितला तर पी-४५० ची सुमारे दीडशे जनुकं निघाली! नुसता हातोडा नव्हता, आत अख्खी हत्यारांची पेटी होती.

दुसरा धक्का शेताशी जास्त संबंधित आहे. लाकडात नत्र फार कमी असतं. या बुरशीची लिग्निन फोडणारी यंत्रणा चालूच होते ती नत्राची उपासमार झाली की. प्रयोगशाळेत उपाशी ठेवता येतं. पण आपलं शेत? युरियाच्या पोत्यावर पोती. तिथे ही बाई भरल्या पोटी कशाला कष्ट करील? शिवाय ती लाकडावरची, माती तिचं घर नाही. मातीतले स्थानिक जिवाणू आणि बुरशा तिला फार काळ टिकू देत नाहीत. पाणी साचलं की ऑक्सिजन संपतो आणि तिचं सगळं काम तर ऑक्सिजनवर चालतं.

उघड्यावर प्रयोग झाले नाहीत असं नाही. १९९० मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये लाकूड टिकवायच्या पेंटाक्लोरोफिनॉल नावाच्या विषाने खराब झालेल्या मातीत ही बुरशी सोडली. साडेसहा आठवड्यांत विष ८८ ते ९१ टक्के कमी झालं. ऐकायला झकास. पण बारकाईने बघता त्यातला बराच भाग मातीच्या कणांना असा घट्ट बसला होता की तपासणीत निघतच नव्हता. संपला आणि सापडत नाही, यातला फरक कार्बन-१४ वाल्यांनी आधीच शिकवून ठेवला होता.

तिसरी अडचण अर्ध्या कामाची. डीडीटी अर्धवट मोडलं की डीडीई होतं, ते आणखी चिवट. एंडोसल्फानचं एंडोसल्फान सल्फेट होतं, ते मूळ विषाइतकंच विषारी, आणि बुरशांच्या काही प्रयोगांत नेमकं तेच तयार होताना दिसलं. मॅलॅथिऑनचं मॅलॉक्सॉन झालं तर ते मॅलॅथिऑनपेक्षा वाईट. म्हणून 'आमची बुरशी अमुक टक्के कीटकनाशक नष्ट करते' असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा, त्याचं झालं काय?

आता आपल्याकडचं. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत डॉ. एन. सेतुनाथन यांनी आयुष्यभर हाच विषय केला. त्याआधी १९७३ मध्ये फिलिपिन्समध्ये असताना त्यांनी योशिदांबरोबर भाताच्या खाचरातून डायझिनॉन खाणारा जिवाणू वेगळा केला होता. १९९० मध्ये त्यांच्या गटाने बीएचसी मोडणारा जिवाणू शोधला, तो कुठे सापडला माहितेय? उसाच्या मुळाजवळच्या मातीत. त्याच्या वंशातल्या जिवाणूला पुढे २००५ मध्ये 'स्फिंगोबियम इंडिकम' असं नाव मिळालं, नावातच इंडिया. हा जिवाणू आहे, बुरशी नाही, पण मुद्दा तोच. जिथे वर्षानुवर्षं विष पडलं तिथल्या मातीतच ते खायला शिकलेलं कुणीतरी निघतं. पुण्याच्या आघारकर संस्थेत तर बुरशांचा राष्ट्रीय संग्रह आहे, हजारोंनी जपून ठेवलेल्या. म्हणजे माणसं आहेत, बुरशा आहेत. मग अडलं कुठे?

माझ्या मते अडलं ते प्रश्न चुकीचा विचारल्यामुळे. 'दहा एकर रान बुरशीने धुऊन निघेल का?' याचं प्रामाणिक उत्तर सध्या तरी 'नाही' असं आहे. पण दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो स्वीडनच्या शेतकऱ्यांनी विचारला. शेतातलं विष पाण्यात नेमकं कुठून जातं? त्यांच्या लक्षात आलं की बरंचसं विष फवारलेल्या रानातून न जाता पंप भरतो आणि धुतो त्या एका कोपऱ्यातून जातं. रानात ते पातळ होऊन पसरतं, कोपऱ्यात दाट सांडतं, दरवर्षी त्याच जागी.

आपल्याकडे हा कोपरा कुठे असतो? विहिरीजवळ. कारण पाणी तिथेच असतं. पाठीवरचा पंप विहिरीच्या काठावर भरायचा, औषध बाटलीच्या झाकणाने मोजायचं, काम झालं की पंप तिथेच विसळायचा आणि पाणी तिथेच ओतायचं.

साधा हिशेब मांडतो. पंधरा लिटरच्या पंपाला लिटरमागे दोन मिली या प्रमाणात २० टक्के क्लोरपायरीफॉस तीस मिली लागतं. त्यात मूळ विष सहा ग्रॅम. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात क्लोरपायरीफॉसची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. सहा ग्रॅमला ३० मायक्रोग्रॅमने भागा, उत्तर येतं दोन लाख लिटर. वीस फूट व्यासाच्या विहिरीत साडेबावीस फूट पाणी असलं तर ते साधारण दोन लाख लिटर भरतं. म्हणजे एका पंपाचं औषध, अख्खी विहीर! युरोपची मर्यादा (०.१ मायक्रोग्रॅम) लावली तर सहा कोटी लिटर. अर्थात हा कागदावरचा हिशेब आहे. क्लोरपायरीफॉस पाण्यात फार विरघळत नाही, मातीला चिकटतं, सगळं काही विहिरीत उतरत नाही. पण सांडायची जागा रान नसून तो कोपरा आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

स्वीडनमध्ये १९९३ मध्ये या कोपऱ्यासाठी 'बायोबेड' आला. आपण त्याला जैव-खड्डा म्हणू. साधारण दोन फूट खोल खड्डा, तळाला चिकणमातीचा थर, वर पेंढा, पीट आणि माती यांचं मिश्रण (निम्मा पेंढा, पाव पीट, पाव माती) आणि सगळ्यात वर गवत. पंप भरायचं, धुवायचं काम याच्यावर करायचं. पेंढा म्हणजे लिग्निन, त्यावर पांढऱ्या कुजीच्या बुरशा आपोआप येतात. नत्र कमी, ओल बेताची, हवा खेळती. म्हणजे बुरशीला शेतात ज्या ज्या गोष्टींची अडचण होती त्या सगळ्या इथे मुद्दाम सोडवलेल्या. बुरशीला रानात नेण्यापेक्षा विषाला बुरशीच्या घरी आणलं. स्वीडनमध्ये असे हजाराहून जास्त खड्डे झाले, आणि पुढे इटली, फ्रान्सपासून ग्वाटेमालापर्यंत आपापल्या मालमसाल्याने लोकांनी ते बनवले.

वसमतला काय महाग आहे यातलं? पीट आपल्याकडे नाही, पण चांगलं कुजलेलं कंपोस्ट आहे. पेंढ्याऐवजी गव्हाचं काड, उसाचं पाचट, कारखान्याचं चिपाड. धिंगरी अळिंबी ही पांढऱ्या कुजीचीच बुरशी, तिचं पीक काढून झाल्यावर उरलेला पेंढा तर आयताच बुरशीने भरलेला असतो. (त्या खड्ड्यावर उगवलेली अळिंबी किंवा छत्री मात्र चुकूनही खायची नाही. खड्ड्यातला माल लगेच हळदीच्या वाफ्यातही टाकायचा नाही.) प्रमाण किती, चाळीस-बेचाळीस अंशाच्या उन्हाळ्यात ओल कशी टिकवायची, आपल्या काळ्या मातीला भेगा पडल्या की तळ गळतो त्याचं काय, हे सगळं इथे करून, मोजून ठरवावं लागेल. स्वीडनचा नकाशा वसमतवर तसाच चिकटवता येणार नाही. पण वसमतलाच हळदीचं संशोधन केंद्र आणि पन्नासेक किलोमीटरवर परभणीचं विद्यापीठ असताना एवढं मोजणं काही चंद्रावर जाण्यासारखं नाही.

तोवर दोन गोष्टी फुकटात करण्यासारख्या आहेत. पंप विहिरीपासून लांब भरायचा-धुवायचा, आणि विसळलेलं पाणी त्याच पिकावर फवारून टाकायचं. आणि ट्रायकोडर्मा टाकल्यावर लगेच रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी करायची नाही. दोन्ही एकदम केलं तर आपणच पैसे देऊन आणलेला कामगार आपणच मारतो.

बाजारात 'जमीन विषमुक्त करा' असं लिहिलेल्या बाटल्या दिसतात. इतिहास वाचल्यावर मला त्यांच्याकडे बघायची एक सवय लागली आहे. कुठलं विष, किती दिवसांत, कुठल्या मातीत, आणि मोडून त्याचं काय झालं? या चार प्रश्नांची उत्तरं लेबलवर नसतील तर ती बाटली म्हणजे १९८५ च्या शोधाची बातमी वाचून १९८८ ची न वाचलेल्या माणसाने भरलेली बाटली समजावी.

क्लोरपायरीफॉसला युरोपने २०२० मध्ये परवानगी नाकारली, २०२५ मध्ये ते काही सवलती ठेवून स्टॉकहोम कराराच्या यादीतही गेलं. डीडीटी, बीएचसी, एंडोसल्फान ज्या रस्त्याने गेले त्याच रस्त्याने हेही चाललंय. ते जाईल, नवीन काही येईल, आणि त्यालाही आपण औषधच म्हणू. हळद परदेशी जाते, तिथे तपासली जाते, परत आली तर बोंब होते. पण विहिरीचं पाणी कुठेच जात नाही, ते घरच्यांनाच प्यायचं असतं. आणि २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, त्यांच्या अंगात भिनलेल्या विषावर तर कुठलीच बुरशी चालणार नव्हती. म्हणून क्रम विसरायचा नाही. आधी कमी वापरणं, मग अंगावर आणि पाण्यात न सांडणं, आणि त्यातूनही जे सांडेल त्याच्यासाठी बुरशी. तिला पहिल्या नंबरावर बसवलं तर तिच्यावरही अन्याय आणि आपल्यावरही.

असो. ओंडक्यावरच्या त्या पांढऱ्या बुरशीने कोट्यवधी वर्षं लाकूड पचवून आपली जंगलं मोकळी ठेवली. तिला निदान 'नासकी' म्हणणं तरी आपण सोडू या. :)